विहिरीच्या अल्याड-पल्याड

अंबादासने व्हिडिओ कॅमेऱ्याची मूठ डावीकडे रेटली, तसं भिंतीवरच्या आकारामचं चौकटीच्या कडेला कापलं गेलेलं नाक परत आलं आणि झुंबरबाई अख्ख्याच्या अख्ख्या बाहेर गेल्या.

"आता कसं," मागून हंबीरराव म्हणाले. "बोलणारा दिसाय पायजे की."

हंबीररावांच्या गुळाच्या गोदामात भरदुपारी खिडक्यांवर घोंगडी टांगून अंधार केला होता. समोरच्या चुना लावलेल्या भिंतीवर त्यांचाच जुना चित्रपट चालला होता. हंबीररावांनी तो काढला होता, कॅमेरा अंबादासचा होता. त्या काळी दोघांनाही मोठी हौस. चित्रपट रुंद पडद्याच्या स्कोपमध्ये काढायचा, पडदा कसा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दिसला पाहिजे! आता बारा वर्षांनी घरोघर टीव्ही आले होते आणि हंबीररावांना कॅसेट काढायची होती. टीव्हीची चौकट आखूड. भिंतीवरचं जेमतेम अर्धं चित्र तिच्यात मावत होतं. उरलेल्या अर्ध्याचं काय करायचं, हे अंबादासने कॅमेरा इकडेतिकडे फिरवून ठरवायचं होतं.

बाकीच्या प्रसंगांत फारसं अडलं नव्हतं. अडलं ते विहिरीपाशी. घर सोडून निघालेला धाकटा मुलगा विहिरीच्या अल्याड उभा राहून आईला बोल लावतो, आणि पल्याड आई नुसती ऐकते. मुलगा म्हणजे आकाराम, आई म्हणजे झुंबरबाई. दोघं चित्राच्या दोन टोकांना होती. मधलं ते रिकामं अंतर मिळावं म्हणून अंबादासने तेव्हा अर्धा दिवस घालवला होता. आता मध्ये धरलं तर एका बाजूला नाक, दुसऱ्या बाजूला पदराचं टोक आणि मध्ये नुसता रहाट.

"हिकडून तिकडं फिरवत ऱ्हायलो तर?" त्याने विचारलं.

"नगं. बघणाऱ्याला भोवळ यील. आकारामला धर. लोकं आजबी त्याला ते भाषण म्हणाय लावत्यात." हंबीरराव उठले. "आणि आता एकदाच चालीव. प्रिंट पार वाळलीया. परत चालवली तर तुकडं पडतील."

कुणीतरी बोलवायला आलं म्हणून ते बाहेर गेले. अंबादासने रीळ पुन्हा लावलं आणि रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. आकाराम बोलू लागला. पहिली दोन वाक्यं कॅमेरा त्याच्यावर होता. मग अंबादासचा हात उजवीकडे सरकला. झुंबरबाईंचा चेहरा चौकटीत आला आणि तिथेच राहिला. भाषण संपेपर्यंत त्याने मूठ हलवली नाही.

हंबीरराव परत आले तेव्हा पुढचा प्रसंग चालू होता.

रविवारी सकाळी हंबीररावांच्या माडीवर कॅसेट लागली. आकाराम मुद्दाम आला होता. त्या एका चित्रपटानंतर त्याला पुन्हा काम मिळालं नव्हतं. आता तो दूध संस्थेत सचिव होता, आणि संस्थेच्या दर वार्षिक सभेत शेवटी ते विहिरीवरचं भाषण म्हणत होता.

विहीर आली. टीव्हीवरचा आकाराम दोन वाक्यं बोलला आणि चौकटीबाहेर गेला. आवाज तेवढा राहिला. खुर्चीतला आकाराम पुढे वाकला.

हंबीरराव ताडकन अंबादासकडे वळले.

"ह्ये काय केलंस रं?"

अंबादास मान खाली घालून चष्मा पुसत राहिला.

टीव्हीवर झुंबरबाई ऐकत होत्या. मुलगा म्हणत होता, तू मला कधी विचारलंस का. त्यांची पापणी हलत नव्हती. ओठ मात्र किंचित उघडले, मिटले. पोराच्या घासाबरोबर आईचं तोंड हलतं, तसे. भाषण टिपेला पोचलं तेव्हा त्यांनी फक्त पदर खांद्यावर नीट केला.

प्रसंग संपला. हंबीररावांनी व्हीसीआर बंद केला.

"आकाराम, आपण प्रिंट परत चालवू, तुटली तर जोडू. ह्याचं डोकं फिरलंय."

"थांबा," आकाराम म्हणाला. "मागं घ्या जरा."

पुन्हा बघून झाल्यावर त्याने खुर्ची अंबादासकडे वळवली. मग अंबादासला म्हणाला, "अण्णा, मी ह्यो पिक्चर थेटरात किती डाव बघितला आसंल. दर डावाला मी मलाच बघत हुतो. झुंबरमावशी असं करत हुत्या, ते मला ठावंच न्हाय."

"तुला राग आला न्हाय?" हंबीररावांनी विचारलं.

"आला हुता. पयल्यांदा." तो हसला. "कुठं असत्यात वो मावशी हल्ली?"

झुंबरबाई हातकणंगल्यात भाचीकडे राहत होत्या. पुढच्या रविवारी आकाराम आणि अंबादास टॉवेलात गुंडाळलेला व्हीसीआर मांडीवर घेऊन पॅसेंजरने तिथे पोचले. भाचीच्या घरी टीव्ही होता. झुंबरबाई थकल्या होत्या, पण नजर खणखणीत होती. चित्रपट लागला होता तेव्हा त्या नाटक कंपनीबरोबर बेळगावाकडे होत्या. परत येईस्तोवर तो थेटरातून उतरला होता. स्वतःला पडद्यावर त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

विहीर आली. भाची ओरडली, "आगं, मावशी, तू!"

झुंबरबाई दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बघत होत्या. थोड्या वेळाने त्यांनी आकारामकडे मान वळवली.

"आनी तू कुठं दिसंनास?"

"मी भाइर ऱ्हायलो, मावशी. आवाज माझाच हाय."

"अगं बया. तुझं भाषण आनी तूच न्हाईस?"

"तुमी हाय की."

त्या पुन्हा टीव्हीकडे बघू लागल्या.

"तेवढा आवाज वाढव," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी वारं उलटं हुतं. तू नुसता हात हलवताना दिसत हुतास. काय बोलत हुतास, त्यातलं एक अक्षर मला ऐकाय आलं न्हवतं."

आकारामने उठून आवाजाचं बटण पूर्ण फिरवलं, कॅसेट मागे नेली आणि त्यांच्या शेजारी जमिनीवर मांडी घालून बसला.

भाषण सुरू झालं. झुंबरबाईंनी पदर कानामागे सारला.