शिशाच्या चोराचा स्वभाव

मित्रांनो, मी एक जुना चोर आहे. घाबरू नका. मी शिशाचा आहे आणि तुमच्या अंगठ्याहून उंच नाही.

माझा जन्म एका साच्यात झाला. शिसे थंड होत असताना साचा जरासा हलला आणि माझी मान कायमची मागे वळली. कारागिराने मला फळीच्या टोकाला ठेवून दिले. माझ्याबरोबरचे राजे आणि धनुर्धारी भराभर विकले गेले, मी मात्र धूळ खात राहिलो. मग एक दिवस लिफ्ट दुरुस्त करणारा एक तरुण दुकानात आला. त्याने मला उचलून उजेडात धरले आणि म्हणाला, "हा कोणावर विश्वास ठेवणारा दिसत नाही. हाच द्या."

या तरुणाच्या ताईचे चष्म्यांचे दुकान होते. रविवारी दुपारी दुकान बंद असे, तेव्हा मागच्या खोलीत टेबलावर खेळ मांडला जाई. या खेळात प्रत्येकजण एक पात्र घेतो, त्याची छोटी बाहुली टेबलावर सरकवतो, फासे टाकतो आणि गोष्ट पुढे नेतो. गोष्ट चालवायची ताई. तिचा नवरा बसचालक होता. तरुण त्याला भाऊजी म्हणायचा. शेजारच्या सिस्टर दवाखान्यातली ड्यूटी संपवून यायच्या आणि वैद्य व्हायच्या.

खेळ सुरू करण्याआधी प्रत्येकाला आपल्या पात्राचा स्वभाव ठरवावा लागे. ते भले की स्वार्थी? नियम पाळणारे की मोडणारे? भाऊजींनी सरदार घेतला, भला आणि शब्दाचा पक्का. मी ठरलो स्वार्थी, कोणताही नियम न मानणारा. एकदा ठरले की स्वभावाला धरून खेळायचे, हीच तर खरी गंमत होती.

आणि मित्रांनो, आम्ही काय खेळलो! सरदार खोटे बोलायला नकार द्यायचा आणि आम्हाला संकटात पाडायचा. मी कुलपे उघडून सगळ्यांना बाहेर काढायचो, आणि निघताना मेणबत्त्यासुद्धा खिशात घालायचो. सिस्टर हसून म्हणायच्या, "असला नग शोधून सापडणार नाही." त्या बोलण्याने माझी छाती फुगायची.

मग तो रविवार उजाडला. आम्ही एका किल्ल्याचे रक्षण करत होतो. माझ्या खेळाडूच्या डोक्यात काय आले कोण जाणे, त्याने मला दरवाजापाशी सरकवले आणि सांगितले, "माझा चोर शत्रूला दार उघडून देतो."

सरदार पकडला गेला. भाऊजींनी कितीतरी वर्षे जपलेले ते पात्र होते. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि वर घरी निघून गेले.

"मी काय करू?" तरुण म्हणाला. "माझं पात्रच तसं आहे."

"पात्र तसं आहे, पण खेळतोयस तू," ताई म्हणाली. "आणि समोर बसला होता तो माझा नवरा."

त्यानंतर खेळ मांडलाच गेला नाही. तरुण बहिणीकडे यायचा, पण भाऊजी घरात नसतील अशी वेळ बघून. मला एका खणात टाकले गेले. तिथे चष्म्यांचे बारीक स्क्रू आणि तुटक्या काड्या होत्या. माझा रंग खरवडला, तलवार वाकली. मला वाटले, आता आपला कारभार आटोपला.

खण उघडला तो सिस्टरांनी. त्यांना त्यांच्या चष्म्यासाठी स्क्रू हवा होता. तरुणही तिथेच होता. त्यांनी मला त्याच्या तळहातावर ठेवले.

"एक विचारू?" त्या म्हणाल्या. "तुझा चोर स्वार्थी आहे ना? मग इतकी वर्षं तो आमच्याबरोबर का राहिला?"

 तरुणाने बोटाने माझी तलवार सरळ केली. मग जिना चढून वर गेला आणि दार वाजवले. त्याच्या मुठीतून मला सगळे ऐकू येत होते.

"भाऊजी, माझं चुकलं. चोराचं नाही, माझं. तुम्हाला काय वाटेल याचा मी विचारच केला नाही."

 मग भाऊजी म्हणाले, "सरदार अजून तुरुंगातच आहे का? तुझ्या ताईला विचार."

पुढच्या रविवारी टेबल पुन्हा मांडले गेले. मला वाटले, आता मला साधू करतील. तसे झाले नाही. तरुणाने मला तुरुंगाच्या दारात उभे केले आणि माझ्या तोंडून म्हणाला, "चल ऊठ. तुझ्यावर माया वगैरे काही नाही. तू पहाऱ्यावर नसलास की मला झोप लागत नाही, एवढंच."

भाऊजींच्या ओठांचा कोपरा हलला. पण सरदार तो सरदारच. "येता येणार नाही. पळणार नाही असा शब्द मी जेलरला दिलाय."

ताईने डोक्याला हात लावला. माझ्या खेळाडूने मात्र जरा विचार केला.

"तू पळूच नकोस. मी तुला पोत्यात घालून चोरून नेतो. चोरीच्या मालाने कसला शब्द मोडला?"

भाऊजी आधी खांद्यांनी हसले, मग डोळे पुसेपर्यंत हसले. सिस्टरांनी एक रबरबँड काढला आणि सरदाराला माझ्या पाठीला बांधले. फासे पडले, ते आमच्या बाजूने पडले. मी त्याला शिव्या देत तटाबाहेर नेले आणि तो वाटभर मला नीतीचे धडे देत राहिला. ना तो बदलला, ना मी.

भाऊजींनी नंतर स्वतः मला नवा रंग दिला. हात बस चालवणारा, त्यामुळे थोडा जाड लागला आहे, पण मला तो आवडतो.

मित्रांनो, तुम्हीही चोर व्हा, सरदार व्हा, राक्षस व्हा आणि मनापासून व्हा. ठरवलेला स्वभाव अर्ध्यावर सोडू नका. पण कोणाचे मन दुखावलेत तर आमच्यासारख्या मुक्या बाहुल्यांच्या आड लपू नका. आम्हाला पुढे सरकवणारा हात तुमचाच असतो. आणि खेळ संपला की आम्हाला नीट पुसून ठेवा. पुढच्या रविवारी सरदाराला पुन्हा कुठून तरी बाहेर काढावे लागणारच आहे.