मागचं वजन

देवरावनं जुन्या व्हॅनच्या मागच्या स्प्रिंगला दोन्ही बाजूंनी एकेक पाटा वाढवून घेतला, तेव्हापासून पुस्तकांचे गठ्ठे कितीही भरा, गाडी मागून बसत नव्हती. पण रिकामी झाली की उसळायची. गेल्या खेपेला अकोल्याहून अमरावतीला परतताना मागे बसलेल्या त्याच्या बायकोची, इंदूबाईची, कंबर अशी धरली की दोन दिवस तिला उठता आलं नाही.

आज अकोल्याच्या स्टॉलवर पुस्तकं हातोहात खपली. शेवटचे चार गठ्ठे मात्र देवराव सोडेचना. गिऱ्हाईक आलं की म्हणे, "संपले." इंदूबाईचं डोकं तापलं. म्हातारपणी माणूस येडा झाला की काय!

मूर्तिजापूर मागे पडलं, तरी गठ्ठे तिच्या पायाशी तसेच.

"आता तरी सांगा, कोणासाठी ठेवले हे?"

"तुह्या कमरेसाठी," रस्त्यावरची नजर न हलवता देवराव म्हणाला. "मिस्त्री म्हणे, मागं वजन असलं का गाडी उसळत नाही."

इंदूबाईनं कमरेवर हात ठेवून पाहिला. आज ती दुखलीच नव्हती. मग गठ्ठ्यांकडे बघत ती फणकारली,

"मंग आधी सांगाचं ना! पुस्तकं इकून गोटे भरले असते आपन."