अर्धा सूर वर

दुपारी तीनपासून मास्तर सभागृहाच्या मागच्या बोळात फेऱ्या मारत होते. बोळ जेमतेम वीस पावलांचा. एका टोकाला पाण्याचं पिंप, दुसऱ्या टोकाला मोडक्या खुर्च्यांचा ढीग. पिंपापाशी पोचले की ते गळ्यावरून हात फिरवत, खुर्च्यांपाशी आले की हळूच खाकरून बघत, आणि खाकरलो म्हणून स्वतःवरच चिडत. डॉक्टरांनी खाकरायलासुद्धा मनाई केली होती.

मास्तर म्हणजे शाळेचे नव्हेत, ड्रायव्हिंग स्कूलचे. आयुष्यात कधी स्टिअरिंगला हात न लावलेल्या माणसांच्या शेजारी दिवसभर बसायचं आणि "ब्रेक! अहो, ब्रेक!" म्हणून बोंब ठोकायची, हा त्यांचा पोटापाण्याचा उद्योग. पण महिन्यातल्या एखाद्या शनिवारी ते लांब केसांचा टोप चढवत, झालरीचं जाकीट घालत आणि पन्नास वर्षांपूर्वीचे एक गाजलेले रॉक गायक होत. टोप भयंकर खाजायचा. पण कार्यक्रम संपेपर्यंत डोकं खाजवायचं नाही, कारण मूळ गायकाने खाजवलं नव्हतं.

हे सगळं खूळ त्यांच्या मेहुण्याचं, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाचं. त्याचं चष्म्यांचं दुकान होतं. लोकांचे नंबर काढता काढता तो मनात गिटार वाजवत असे. त्या जुन्या बँडने एका संध्याकाळी केलेला एक कार्यक्रम, त्याची निघालेली रेकॉर्ड, आणि ती रेकॉर्ड लहानपणापासून ऐकून वेडा झालेला हा प्राणी. त्याने नऊ वर्षांपूर्वी ठरवलं, तोच कार्यक्रम जसाच्या तसा उभा करायचा. जसाच्या तसा म्हणजे चुकांसकट. त्याने चुकांची यादीच केली होती, सदतीस कलमांची. दुसऱ्या गाण्यात गिटारची एक तार उतरलेली आहे, ती उतरवूनच वाजवायची. चौथ्या गाण्यात ड्रमवाल्याच्या हातून काठी निसटते. यांचा ड्रमवाला एरवी लिफ्ट दुरुस्त करणारा, हातातून खिळा न सांडणारा माणूस, तो नऊ वर्षं नेमक्या त्याच ठोक्याला काठी सोडत होता. पाचव्या गाण्याआधी गायक लोकांना विचारतो, "कुणाकडे पाणी आहे का?" मास्तरांना तहान असो नसो, विचारावं लागे, आणि समोरून शंभरेक बाटल्या वर होत.

एवढं सगळं ठीक होतं. घोडं अडत होतं ते शेवटच्या गाण्यापाशी.

ते गाणं नुसत्या आवाजात सुरू होतं. पहिल्या चार ओळी वाद्यांशिवाय, मग हळूहळू सगळे सामील होतात, आणि शेवटी गायक एक सूर लावतो. उंच, भलताच उंच, आणि तो अकरा सेकंद धरून ठेवतो. लोक त्या सुरासाठी येत. मास्तर पहिल्या गाण्यापासून त्याच्याच धसक्यात असत. सूर लागला की महिनाभर जग जिंकल्यासारखे वागत आणि पुढचा कार्यक्रम आला की पुन्हा गुळण्या सुरू.

तीन आठवड्यांपूर्वी डॉक्टरांनी नळी घालून गळा तपासला होता. "दोन बारीक गाठी आहेत. बेताने बोला, खालच्या आवाजात गायलात तरी चालेल. पण हे टोकाचं ओरडणं बंद. आत एखादी शीर फुटली तर आवाज कधी परत येईल, आणि आला तर कसला येईल, मी सांगू शकत नाही."

बायको शेजारीच बसली होती. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. तिला रिपोर्ट वाचता येतात, त्यामुळे तिच्यापुढे थापा चालत नाहीत. घरी येताना ती एवढंच म्हणाली, "आवाज त्याचा काढतोस, पण गेला तर तुझा जाईल."

"आता हा पन्नासाव्या वर्षाचा कार्यक्रम आहे गं. तिकिटं गेलीत. हा एकच करतो."

"कर. पण तो सूर नाही. शब्द दे."

मास्तरांनी "बरं" म्हटलं होतं. बरं म्हणजे शब्द की नुसतंच बरं, ते त्यांनी स्वतःलाही विचारलं नव्हतं. मेहुण्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. आणि म्हणून ही बोळातली येरझार.

साडेतीनला मेहुण्याची हाक आली. "दाजी, चला! आजोबा आलेत. त्यांना शेवटचं गाणं ऐकवू."

आजोबा म्हणजे आजचे खास पाहुणे. एकोणऐंशी वर्षांचे. पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग त्यांनी स्वतः केलं होतं. मेहुण्याने कुठून कुठून चौकश्या करून त्यांचा पत्ता काढला होता. ते तिसऱ्या रांगेत काठीवर हनुवटी टेकून बसले होते. मास्तरांनी गाणं म्हटलं आणि तो सूर यायच्या आत हात वर करून थांबले. "बाकीचं संध्याकाळी," म्हणाले.

आजोबांनी काठीवरची हनुवटी उचलली. मग म्हणाले, "एक विचारू का? एवढ्या वरून का गाता?"

मेहुणा हसला. "रेकॉर्डवर जिथून आहे तिथूनच गातायत ते. तुम्हीच तर केलंय रेकॉर्डिंग."

"हो. पण तो पोरगा तिथून गायलाच नव्हता. अर्धा सूर खाली होता."

कुणाला काही कळेना. मग आजोबांनी सावकाश सांगितलं. त्या दिवशी टेपच्या मशीनचा पट्टा सैल झाला होता. टेप जरा हळू फिरली. हळू भरलेली टेप नेहमीच्या वेगाने वाजवली की गाणं पळतं आणि सूर चढतो. "दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं. कंपनीच्या साहेबांना सांगितलं, तर ते म्हणाले, असंच जोरदार वाटतंय, तू तोंड उघडू नकोस. नाही उघडलं. आता त्यांच्यातलं कुणीच राहिलं नाही, म्हणून बोलतोय."

ड्रमवाल्याने काठ्या मांडीवर ठेवल्या. "म्हणजे नऊ वर्षं आपण एका पट्ट्याची नक्कल करतोय?"

मेहुणा मटकन स्पीकरच्या खोक्यावर बसला. सदतीस चुका वेचून काढल्या होत्या त्याने, आणि सगळ्यात मोठी चूक डोक्यावर घेऊन नाचत होता.

कोमट पाण्याचा थर्मास घेऊन मास्तरांची बायको पडद्याआड उभी होती. ती तडक स्टेजवर आली. "मग झालं तर! घ्या खाली."

"ताई, असं कसं? लोकांना रेकॉर्ड पाठ आहे. अर्धा सूर इकडचा तिकडे झाला तर लगेच ओळखतील."

तेव्हा तिने सगळं सांगून टाकलं. गाठी, शीर, डॉक्टर, सगळं. मेहुण्याचा चेहरा पडला. "दाजी, मला सांगायचं तरी!" असं म्हणत त्याने स्वतःच गिटारच्या खुंट्या पिळायला घेतल्या. दहा मिनिटांत सगळी वाद्यं अर्धा सूर खाली आली. मास्तरांनी चार ओळी गाऊन बघितल्या. चपलेतला खडा काढल्यावर चालावं तसा आवाज निघाला. बायकोचा जीव भांड्यात पडला. तिने थर्मास त्यांच्या हातात दिला, त्यांची कॉलर नीट केली आणि ती हसत तिची खुर्ची शोधायला गेली.

खरं तर मास्तरांनीही सुटकेचा श्वास टाकायला हवा होता. ते परत बोळात गेले आणि दुप्पट वेगाने फेऱ्या मारायला लागले. डोक्यात नुसता जाळ झाला होता. नऊ वर्षं गुळण्या केल्या, नऊ वर्षं थंड प्यायलं नाही, नऊ वर्षं गळा ताणून ताणून गाठी करून घेतल्या, कशासाठी? आणि चिडायचं तरी कुणावर? पट्ट्यावर?

आजोबा पिंपापाशी पाणी प्यायला आले. पेला पुसून जागेवर ठेवत ते म्हणाले, "माझ्यामुळे घोळ झाला तुमचा."

"छे, छे. सुटलो मी."

"तो पोरगा सुटला नाही बिचारा. रेकॉर्ड गाजली, मग लोक तसंच गाणं मागायला लागले. तालमीत त्याने तिथून गायचा प्रयत्न केला. चार वेळा आवाज फाटला. त्या गाण्याला परत हात नाही लावला त्याने. लोक म्हणतात, कुणाच्या तरी आठवणीने सोडलं. कसली आठवण! जमत नव्हतं." आजोबांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "तुम्हाला खरंच लागतो तो सूर?"

"नऊ वर्षं. एकदाही चुकला नाही."

आजोबा त्यांच्याकडे बघत राहिले. "मग माणसाच्या गळ्यातून तो फक्त तुमच्याच निघालाय. मी तर कधी ऐकला नाही. ऐकायला आवडलं असतं. पण खाली घेतलंत ते बरं केलंत. सांभाळा गळ्याला." आणि ते काठी टेकत निघून गेले.

मास्तर बोळाच्या मधोमध उभे राहिले. केस दुसऱ्याचे, जाकीट दुसऱ्याचं, चुका दुसऱ्याच्या, तहानसुद्धा दुसऱ्याची. नऊ वर्षांत त्यांनी स्वतःचं असं काही केलं असेल तर तेवढंच, ते अकरा सेकंद. आणि तेही आज कळलं, सोडून द्यायच्या दिवशी. त्यांना इतकं वाईट वाटलं की थर्मासचं झाकण उघडायचं राहूनच गेलं.

कार्यक्रम बरोबर सहा वाजून दहा मिनिटांनी सुरू झाला, कारण मूळ कार्यक्रम तेव्हाच सुरू झाला होता. सभागृह तुडुंब. सगळं अर्धा सूर खाली, आणि समोरच्या आठशे लोकांपैकी एकाच्याही कपाळावर आठी नाही. रेकॉर्ड पाठ असलेली मंडळी डोळे मिटून डोलत होती. मेहुण्याने हळूच मास्तरांकडे बघून भुवया उडवल्या. काठी पडली, टाळ्या पडल्या. पाण्याच्या बाटल्या वर झाल्या. मास्तर गात होते, छान गात होते, आणि आतून नुसते तळमळत होते. एरवी धसका असायचा. आज धसका नव्हता, आणि त्याच्या जागी दुसरं काहीच नव्हतं.

शेवटचं गाणं आलं. दिवे मंद झाले. माइकसमोर ते एकटे. तिसऱ्या रांगेत बायको दिसली. तिने मान हलवली, गा, गा, म्हणून. तिच्यापासून चार खुर्च्या सोडून आजोबा.

मास्तरांना सोमवारची सकाळ आठवली. आठ वाजता नुकत्याच शिकायला लागलेल्या एक बाई येणार होत्या, त्या ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबतात. डॉक्टरही आठवले. बायकोला दिलेलं "बरं" आठवलं. कुणी म्हणू नये की तेव्हा त्यांना भान नव्हतं. सगळं भान होतं. त्यांनी श्वास घेतला आणि गाणं सुरू केलं, जुन्या जागेवरून, अर्धा सूर वर.

पहिल्याच ओळीला मेहुण्याने चमकून वर पाहिलं. तो डोळे मोठे करून मानेनेच नको, नको म्हणत राहिला. दुसरी ओळ झाली, तिसरी झाली. अजूनही खाली यायला वाव होता. मास्तर खाली आले नाहीत. चौथ्या ओळीला मेहुण्याने ओठ घट्ट मिटले आणि गिटारवरचा डावा हात एक घर, म्हणजे अर्धा सूर, वर सरकवला. कीबोर्डवाल्याने घाईघाईने सूर चढवायचं बटण दाबलं. लोकांना काहीही कळलं नाही.

आणि मग तो सूर आला.

तो असा कधीच लागला नव्हता. मास्तरांनी नऊ वर्षं डोळे गच्च मिटून तो लावला होता. आज डोळे उघडे होते. अकरा सेकंद झाले. रेकॉर्डप्रमाणे इथे सोडायचा. त्यांनी सोडला नाही. बारा, तेरा, चौदा. आजोबा काठी विसरून उभे राहिले होते. मास्तरांना इतका आनंद झाला की त्यांना तो आवरेना. पंधराव्या सेकंदाला गळ्यात काहीतरी तटकन झालं, दोरा तुटावा एवढंच. दुखलं नाही. तोवर ड्रमचा शेवटचा ठोका पडला होता आणि सभागृह टाळ्यांनी दणाणत होतं.

पडद्याआड आल्यावर त्यांनी टोप काढला आणि डोकं कराकरा खाजवलं. मेहुणा जवळ आला, काहीतरी बोलणार होता, पण तेवढ्यात बायको गर्दीतून वाट काढत आली. तिचे डोळे भरून आले होते. तिने मास्तरांचे दोन्ही हात धरले.

"बघ! म्हणत होते ना मी? खाली घेतलं तर काय बिघडलं? कसा गायलास आज! जराही ताण नाही, चेहरा कसा हसरा होता. नऊ वर्षांत मी तुला असं गाताना पाहिलं नाही. आता कायम असंच गायचं, ऐकतोयस ना?"

मेहुण्याने मान खाली घातली. गिटारचा पट्टा गळ्यातून काढायला लागला आणि काढतच राहिला.

मास्तरांना ते सहन होईना. या बाईशी ते नऊ वर्षांत काय, अख्ख्या संसारात धड खोटं बोलले नव्हते, बोलताच येत नसे. सांगून टाकायचं, आत्ताच, इथेच, मग ती काय चिडायची ती चिडू दे. "अगं, ऐक," असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं.

नुसती हवा आली.

"काय?" ती कान जवळ आणत म्हणाली. "गर्दीत ऐकू येत नाहीये. मोठ्याने बोल."

त्यांनी पुन्हा सगळा जोर लावला. ओठ हलले, मानेच्या शिरा ताठल्या, आणि पुन्हा तेच. ती त्यांच्या ओठांकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावरचं हसू अजून तसंच होतं. ते जायला काही क्षण लागले, आणि ते सगळे क्षण मास्तरांना तिच्यासमोर उभं राहून बघावे लागले.