मुठीचा दोरा

"काका, हिचाही दोरा सरकला," पूल-बिलियर्ड्सच्या हॉलवाल्याने काठी टेबलावर ठेवली. "पोरं हसतात मला. म्हणतात, स्टिक धरली की कपडे सोडायला लागते."

कारागिराने काठी उचलली आणि मुठीवरून अंगठा फिरवला. दोऱ्याच्या वेढ्यांमध्ये फटी पडल्या होत्या आणि फटींतून लाकूड दिसत होतं. लाकडात काही खोट नव्हती. असती तर त्याला बरं वाटलं असतं. लाकडाचं त्याने बघून घेतलं असतं.

"पोरांच्या हाताला घाम येत असेल," तो म्हणाला.

"घाम काय, आधीही यायचाच की."

आधी म्हणजे केव्हा, ते दोघांनाही ठाऊक होतं.

पूल-बिलियर्ड्स खेळायच्या काठ्या बनवण्यात त्याची हयात गेली होती. लाकूड लेथवर चढवायचं, थोडं उतरवायचं, मग काही महिने टांगून ठेवायचं. त्याला वाकायचं असेल तेवढं वाकू द्यायचं आणि पुन्हा थोडं उतरवायचं. घाई केली की काठी डूख धरते, असं तो गिऱ्हाइकांना सांगत असे. मूठ मात्र बायकोची. लिननचा दोरा ओला करून ती मुठीवर असा गुंडाळायची की बोटाला वेढा म्हणून लागत नसे. त्याचं लाकूड आणि तिचा दोरा, अशी कामाची वाटणी लग्नानंतर लगेच झाली आणि पुढे कधी बदलली नाही.

ती गेल्यावर मूठही त्याच्याकडे आली. दोरा गुंडाळायचं यंत्र तिचंच, दोरा तिचाच, ओला करायचं भांडंसुद्धा तेच. तरी दोरा सरकत होता.

"राग नाही हो तुमच्यावर," हॉलवाला म्हणाला. "पण या खेपेच्या काठ्याही अशाच निघाल्या, तर मी कारखान्याचा माल घेईन. त्याला रबराची मूठ असते, कटकट नाही."

"बघतो."

"आणि ही माझी स्वतःची." त्याने पिशवीतून दुसरी काठी काढली. "गाडीच्या दारात चेपली. दोन-चार वेढे तुटलेत. हिला तुम्ही काही करू नका बुवा, नुसता डिंक लावून द्या. काकूंच्या हातची आहे."

ती कोणाच्या हातची, हे त्याला सांगायची गरज नव्हती. दवाखान्यात जायच्या आधी तिने गुंडाळलेली ही शेवटची मूठ होती. मधेच तिला धाप लागली होती. तो म्हणाला होता, उद्या कर. ती म्हणाली होती, दोरा वाळला की माझं ऐकणार नाही, आणि पुरी करूनच उठली होती.

हॉलवाला गेला. मुलगी चहा घेऊन आत आली. ती चार दिवसांसाठी आली होती आणि तिने आल्यापासून सगळं घर धुऊन काढलं होतं. दारातून तिने सगळं ऐकलं होतं.

"रबर बसवा ना मग, बाबा."

"तुझ्या आईने रबराला हात लावला नसता. म्हणायची, ओली पाल धरल्यासारखं वाटतं."

"मग ती कशी करायची ते बघा. उसवा ही."

"शेवटची आहे ती."

"माहीत आहे." तिने कप ठेवला. "कपाटात तिची बामची बाटलीही आहे, अर्धी. तुमची पाठ धरते, सकाळी वाकता येत नाही, पण तिला हात लावत नाही तुम्ही. सगळं जपूनच ठेवायचं म्हटलं तर जगणार कशावर?"

"तू आईसारखी बोलायला लागलीस."

"मग कोणीतरी बोलायला नको?"

त्याने चहा प्यायला. मग डिंकाची बाटली काढली, तिचं झाकण उघडलं आणि थोड्या वेळाने परत लावलं. डिंकाने तुटलेले वेढे चिकटले असते. बाकीच्या काठ्यांचे दोरे सरकतच राहिले असते.

त्याने हॉलवाल्याची काठी यंत्रावर चढवली. दोरा जाड बाजूने सुरू झाला असणार, म्हणून सुरुवातीचं टोक सापडतं का ते तो तिथे शोधू लागला. तो स्वतः तिथूनच सुरू करत असे. टोक सापडलं, पण ते सुरुवातीचं नव्हतं. शेवटचं टोक खाली दडपून ओढून घेतात, तसं ते होतं. त्याने ते सुईने मोकळं केलं आणि ओढलं. वेढे एकेक करून सुटू लागले, जाड बाजूकडून बारीक बाजूकडे.

म्हणजे ती बारीक बाजूने सुरू करत होती.

त्याचे हात थांबले. मग त्याला उलगडलं. काठी एका बाजूला निमुळती. ओला, ताणलेला दोरा घसरणार तो बारीक बाजूलाच. तिचा प्रत्येक वेढा घसरून आधीच्या वेढ्याला जाऊन चिकटत होता. त्याचा प्रत्येक वेढा आधीच्याला सोडून जात होता. इतकी साधी गोष्ट होती. लाकडाचा उतार त्याने स्वतः काढला होता.

"तुम्हाला कधी दिसलं नाही?" मुलीने विचारलं.

"लेथवरची नजर काढता येत नाही. बोट जातं."

हे खरं होतं. त्याचं तोंड लेथकडे आणि पाठ तिच्याकडे असायची. बोलणं सगळं तसंच व्हायचं. मुलीची शाळा, घराचं भाडं, भांडणंसुद्धा. मी तुमच्या पाठीबरोबर संसार केला, असं ती लोकांना हसून सांगायची. लोकही हसायचे.

त्याने सगळा दोरा उसवला. नवा दोरा ओला केला आणि बारीक बाजूने सुरुवात केली. हात चालेना. उजवीकडून डावीकडे जावं लागत होतं, कोपर पोटात येत होतं आणि दोऱ्याचा ताण सुटत होता.

"असं कसं करायची ती?"

"तुम्ही अलीकडे बसलात म्हणून," मुलगी म्हणाली. "आई पलीकडे बसायची."

"पलीकडे स्टूल असलं की वाट अडते. म्हणून मी ते इकडे आणलं."

"कोणाची वाट अडते?"

कामाच्या खोलीत आता तो एकटाच फिरत होता.

मुलीने स्टूल उचलून टेबलाच्या पलीकडे नेऊन ठेवलं. तो जाऊन बसला. स्टूल त्याला बुटकं होतं, गुडघे वर येत होते. पण आता बारीक बाजू डाव्या हाताला होती. त्याने यंत्राचा दांडा फिरवला. दोरा डावीकडून उजवीकडे निघाला आणि वेढा वेढ्याला जाऊन लागला. पाच-सहा वेढे झाल्यावर त्याने अंगठा फिरवला. काही लागलं नाही.

काम नीट चाललं म्हणून त्याने मान वर केली. समोर लेथ होता. या बाजूने तो त्याने कधी पाहिला नव्हता. खिळ्यांवर टांगलेली लाकडं, आणि लेथपुढे फरशीचा एक तुकडा, त्याच्याच पायांनी झिजून गुळगुळीत झालेला. या स्टुलावरून दुसरं काही दिसत नव्हतं.

तो थोडा वेळ तिकडे बघत राहिला. दोरा वाळेल म्हणून मग त्याने पुन्हा दांडा फिरवला.

जुना दोरा खाली पडला होता. इतके दिवस गुंडाळलेला राहून त्याला वळण पडलं होतं. मुलगी केरसुणी घेऊन आली.

"राहू दे," तो म्हणाला. "मी झाडीन नंतर."

तिने केरसुणी भिंतीला टेकवली. बाहेरचा उजेड कमी होत आला होता.

"दिवा लावू? दिसतंय का तुम्हाला?"

"लाव. लेथवरचा लाव."

लेथवर आज काही काम नव्हतं. मुलीने काही न विचारता लेथवरचा दिवा लावला आणि बाजूला झाली.