आयुधपूजेपर्यंत

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. पण चांदण्या बघायची नव्हे, माणसाचं पोट बघायची. सळईसारखी लांब, टोकाला काच. पोटावर बोटाच्या पेराएवढी छिद्रं पाडतात. एकातून मी आत जाते आणि पडद्यावर सगळं दाखवते. बाकीच्यांतून चिमटे आणि कात्र्या जातात.

घडले परदेशात, पण आयुष्य काढलं म्हैसूरच्या एका खासगी इस्पितळात. डॉक्टर ऋचा पुण्याहून इथे आल्या, तेव्हापासून आमची जोडी. पोट मोठं न फाडता माणसं चार दिवसांत चालत घरी जाऊ लागली, तेव्हा माझं फार कौतुक झालं. पुढे शस्त्रक्रिया करणारा रोबोट आला. अजून खोक्यातून बाहेरही निघाला नव्हता, तोच दर्शनी भिंतीवर त्याचं भलं मोठं चित्र लागलं. मला मत्सर वाटला, खोटं कशाला बोलू?

तरी रोबोट वाईट नाही. डॉक्टर बाजूला बसून त्याचे हात चालवतात. त्याचं मनगट आत वळतं, माझ्या जोडीचे चिमटे मात्र सरळसोट. गाठ यकृताच्या मागच्या अडचणीच्या कोपऱ्यात असेल, तर तो उजवा. पण ती पुढच्या कडेला असेल, तर आम्हा दोघांच्या कामात रोग्याला फारसा फरक पडत नाही. ऋचाबाईंना हे पक्कं ठाऊक होतं.

जूनमध्ये सरस्वतीपुरमचे येसाजीराव आले, निवृत्त चित्रकला शिक्षक. त्यांचं पित्ताशय काढायला मी आत गेले, तर यकृताच्या पुढच्या डाव्या कडेला पावट्याच्या दाण्याएवढी गाठ दिसली. तुकडा तपासला. कर्करोग निघाला.

बाईंनी बापलेकांना बोलावलं आणि समजावून सांगायला मला टेबलावर मांडलं. पुढच्याच आठवड्यात हिच्या मदतीने गाठ काढू, रोबोटची गरज नाही, असं त्यांनी सांगितलं. पण इस्पितळाचे मोठे साहेब शेजारीच बसले होते आणि त्यांना रोबोटसाठी पहिला रोगी हवा होता. आयुधपूजेला यंत्राची पूजा झाली की लगेच सुरू, असं ते गोड हसून म्हणाले. तुमची खंडेनवमी, ती इथली आयुधपूजा. त्या दिवशी म्हैसूरात सायकलपासून बसपर्यंत सगळ्यांना हार पडतो.

मुलगा शरत कडकोळच्या कारखान्यात यंत्रांवर देखरेख करतो. त्यातून घराणं जुन्या म्हैसूरच्या शिपायांचं. नवं हत्यार पुजल्याशिवाय हाती धरायचं नाही, ही घरची रीत. त्याला ते लगेच पटलं.

“सुम्ने, उगाच घाई कशाला डॉक्टर? अप्पांना बेस्टच पाहिजे. पूजा होऊ दे, आमेले, मग करूया.”

“बेडा, नको रे शरत,” येसाजीराव म्हणाले. “पोट माझं आहे. आहे त्यानं आत्ताच काढा की.”

तोवर शरत आणि साहेब तारीख ठरवू लागले होते. थांबणं बरं नाही, असं बाई एकदा म्हणाल्या, साहेबांकडे पाहिलं आणि गप्प बसल्या. त्यांच्या त्या गप्प बसण्याचा मला अजून संताप येतो.

आयुधपूजेला रोबोटला शेवंतीचा हार घातला, कुंकू लावलं, दारात कोहळा फोडला. मी कपाटात होते. दसरा झाला आणि येसाजीरावांना टेबलावर घेतलं. ते निम्मे झाले होते. नव्या तपासणीत काहीतरी संशयास्पद दिसल्यामुळे बाईंनी आधी मलाच आत घातलं. रोबोट प्लास्टिकचं आवरण चढवून शेजारी तयार उभा होता.

मी दाखवलं. यकृताच्या दोन्ही बाजूंना गाठी, पोटाच्या अस्तरावर दाणेच दाणे. कापण्यासारखं काही उरलंच नव्हतं. बाईंनी छिद्रांना टाके घातले.

बाहेर शरतने विचारलं, “रोबोटनं पण होणार नाही?”

“आता कशानंच नाही,” त्या म्हणाल्या. “जूनमध्ये कशानंही झालं असतं.”

येसाजीराव संक्रांतीआधीच गेले. रोबोट उत्तम चालतो.

मित्रांनो, आम्ही जुन्या वस्तू शेवटी ‘आम्हाला जपा’ असं विनवतो. मला जपू नका. खुशाल मोडीत घाला. पण आजारी माणूस समोर बसलेला असताना त्याच्या डोक्यावरून बोलू नका. यंत्राला मुहूर्त असतो, रोगाला नसतो.