कानानं लावलेलं टायमिंग

शेखर या गिऱ्हाइकाची गाडी परत गॅरेजात आली आणि प्रणालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इंजिनाची ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरवर तिनं खुणेसाठी ओढलेली पांढरी रेघ बोटभर सरकली होती. हा उद्योग सासऱ्यांचाच! वर पंजाबराव शेखरला सांगून मोकळे, "सुनेनं लावलं व्हतं. शिकून राहिली अजून." अमरावतीत असं चार ठिकाणी बोललं गेलं की तिच्या हाती गाडी देणार कोण?

कॉम्प्युटरवाल्या इंजिनाचं टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, लावायचं तर आधी तपासणीच्या सॉकेटात वायर जोडून कॉम्प्युटरला गप्प करावं लागतं. मग टायमिंग लाइट मारायचा आणि डिस्ट्रिब्युटर फिरवायचा. नाहीतर तुम्ही इकडे फिरवता, तो तिकडे ओढतो. पंजाबरावांचा जन्म जुन्या, बिनकॉम्प्युटरच्या कार्बोरेटरवाल्या गाड्यांत गेलेला. बॉनेटमध्ये मान घालायची, कानानं ऐकायचं, फिरवायचं. सांगून सांगून तिचं तोंड दुखलं होतं.

"चाला पुलावर, चढावर समजते," ती म्हणाली. "मामाजी, तुमीच चालवा. शेखरभाऊ, तुमी मांगं बसा."

बडनेऱ्याच्या पुलाचा चढ लागला तसं इंजिन खडखडायला लागलं, डब्यात खडे हलवल्यासारखं.

"पाह्य, कशी मक्खन चालून राहिली!" पंजाबराव म्हणाले.

शेखर फिस्सकन हसला. "काका, बहिरे झाले का?"

पंजाबरावांनी मानही वळवली नाही. प्रणालीनं त्यांच्याकडे पाहिलं. ते नाटक नव्हतं. तिनं खुणेनं गाडी कडेला घ्यायला लावली आणि ती त्यांच्या कानाशी ओरडली, "मामाजी, तुमाले आयकू येत नाही!"

"मालूम हाये मले."

आजवर तिला वाटायचं, म्हातारा हट्टी आहे, चुकतो. पण त्यांना तर सगळं ठाऊक होतं.

"मंग माह्यं नाव कावून सांगत व्हते?"

"कोनाचं सांगू मंग? माह्यं?"

"हो! तुमचंच! आता सांगा शेखरभाऊले, तुमच्या तोंडानं!"

पंजाबरावांनी इंजिन बंद केलं. मग ते मागे वळले. "पोरीनं बराबर लावलं व्हतं. म्या बिघडवलं."

बहिऱ्या माणसाचा आवाज, तो मोठाच. पुलावरून चाललेल्या दोघातिघांनी वळून पाहिलं. प्रणालीला ते पुरेसं वाटलं नाही.

"अजून एकडाव," ती म्हणाली.