नोंदवहीतलं माझं अक्षर

माझं अक्षर इतकं सुंदर आहे की वर्गातला फळा बाई मलाच लिहायला लावतात. बाबांचं अक्षर म्हणजे शाईत पाय बुडवून पळालेल्या मुंग्या! बाबा एका ऑफिसच्या इमारतीची देखभाल बघतात. तिथली अ‍ॅस्बेस्टॉसची नोंदवही म्हणूनच मी लिहायचे. अ‍ॅस्बेस्टॉस म्हणजे जुन्या इमारतीत पाइपांवर वगैरे लावलेलं आवरण; ते फुटलं की त्याची धूळ श्वासातून फुप्फुसात जाते आणि पुढे जिवावर बेतते. अ‍ॅस्बेस्टॉस कुठल्या खोलीत आहे, फुटलंय का, हे दरवर्षी डोळ्यांनी बघून लिहायचं आणि कामाला येणाऱ्या प्रत्येकाला आधी दाखवायचं, असा कायदा आहे. सही बाबांची.

बॉयलरच्या खोलीची किल्ली दोन वर्षं हरवलेली होती.

"मागच्या वर्षीचंच उतरव," बाबा म्हणाले होते. मी उतरवलं. 'पाइपांवरचं आवरण : स्थिती चांगली.' खाली लाल रेघसुद्धा मारली.

काल कुलूप तोडलं आणि आज वायरमनकाका आले. त्यांनी वही नीट वाचली.

"वा! कुणाचं गं अक्षर?"

मी अशी फुगले की खोली दाखवायला स्वतःच पुढे निघाले.

आत शिरताना काकांचा खांदा पाइपाला जेमतेम घासला. हातभर आवरण धप्पकन खाली आलं. त्या आवरणाच्या चिंध्या आधीच झालेल्या होत्या. आमच्या केसांवर, माझ्या युनिफॉर्मवर पांढरी धूळ.

"मागे हो!" काकांनी मला दोन दारांमधल्या बोळात ओढलं, आतलं दार लावलं आणि बाबांना फोन केला.

बाबा धावत आले, पण बाहेरच्या दाराच्या काचेपलीकडेच थांबले. "बाहेर येऊ नका! धूळ जिन्याभर पसरेल. साफ करणारी माणसं तासाभरात पोचतायत. कपडे झटकू नका, कशाला हात लावू नका."

बोळ दोन हात रुंद. खिडकी नाही. माझं नाक खाजायला लागलं.

"कमी बोल, हळू श्वास घे," काका म्हणाले.

"तासभर? मी?"

"हो ना, तेच अवघड दिसतंय."

मी हसले. काका हसले नाहीत. ते काचेकडे वळले. "साहेब, वहीत 'चांगली' लिहिलंय म्हणून मी मास्क न लावता आत गेलो. घरी दोन लेकरं आहेत माझी. बघितलं कुणी होतं?"

"काका, ते मी..."

"ती नुसती लिहिते," बाबा म्हणाले. "बघायचं काम माझं. मी बघितलं नाही."

"बाबा, नोकरी जाईल ना तुमची!"

"गप्प बस. श्वास हळू घे."

ते पळत जाऊन वही घेऊन आले, भिंतीला टेकवून काहीतरी खरडलं आणि पान काचेला लावलं. मी एकेक अक्षर लावत वाचलं. 'दोन वर्षं न बघता सही केली. स्थिती वाईट. आत दोघं अडकलेत, त्यात माझी मुलगी.'

काकांनीही वाचलं. त्यांनी भिंतीकडे सरकून मला जरा जास्त जागा दिली.

बाबांनी वही तशीच धरून ठेवली होती. अजून पन्नास मिनिटं होती, आणि नाकाला हात लावायचा नव्हता.